रकाने आखू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं बीजांकुरणाचं वर्कशीट मिळालं. सोबतची ओळही वाचली: 'मोकळं सोडलं तर अर्धा वर्ग कोरा कागद परत देतो, आखून दिलं तर सगळे एकसारखंच लिहितात. करू काय?'

रकाने आखू नकोस. बाकी सगळं नंतर.

मी वर्षानुवर्षं फार देखणी वर्कशीटं केली. लंबकाच्या वर्कशीटवर तक्ता तयार असायचा: दोऱ्याची लांबी, 10 झोक्यांचा वेळ. तळाशी 'दोलनकाल ____ वर अवलंबून असतो.' (दोलनकाल म्हणजे एक झोका जाऊन परत यायला लागणारा वेळ.) एका मुलीने दोऱ्याला बोल्टचा नट बांधायच्या आधीच 'लांबी' लिहून टाकलं. तक्त्यात दुसरं होतं काय? मी तिला पूर्ण गुण दिले. त्याच तासाला एका मुलाने विचारलं, "सर, जड नट लावून बघू?" मी म्हणालो, "त्याला रकाना नाहीये." अख्ख्या तासातला एकमेव खरा प्रयोग मी बंद पाडला.

पण कोरा कागद म्हणजे मोकळीक नव्हे, तिथे तू चुकतोयस. सामान मोजकं दे: 25 आणि 100 सेंटिमीटरचे दोरे, एक हलका नट, एक जड. प्रश्न एकच: झोका संथ करायचा तर काय बदलाल? अंदाज पेनने लिहून घे, खोडता येऊ नये. पुढे काय मोजायचं, किती वेळा, ते त्यांचं. बरेच जण वजनावर पैज लावतील. कुणी एकच झोका मोजेल आणि दर वेळी वेगळा आकडा येईल. येऊ दे. शेजाऱ्याशी जुळेना की 10 झोके मोजायचं त्यांनाच सुचतं. मग छोट्या दोऱ्याला सुमारे 10 सेकंद, मोठ्याला सुमारे 20, नट कुठलाही असो. लांबी चौपट, मग वेळ दुप्पटच का? हा प्रश्न छापू नकोस. निघतो.

इतिहासातही तेच. 'कारणे' आणि 'परिणाम' असे रकाने आखलेस की विचार तूच करून टाकलास. एकाच घटनेची दोन बाजूंनी लिहिलेली वर्णनं दे आणि विचार, कुठे जुळत नाही? तक्ता त्यांचा. आता गणिताचं वेगळं विचारू नकोस!

पोर्शन मागे पडतो म्हणशील. पडतो. माझाही पडला, बोलणीही खाल्ली. पण चौकटी आखण्यात माझ्या किती संध्याकाळी गेल्या, ते कुणी मोजलं नाही.

तुझे चारही रकाने खोडून वर्कशीट परत पाठवतोय. शीर्षकही खोडलंय. 'बी रुजण्यासाठी पाण्याची गरज' असं वर छापलंस, तर डबा अंधारात ठेवून बघू का, हे कोण विचारणार?