दोन शेतकरी वगळून आलेला निकाल मुलीच्या नावावर नको

पत्र, थोडक्यात: माझी मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. आम्ही विकतो त्या कांद्याच्या एका टॉनिकवर तिने प्रोजेक्ट केला. वीस शेतकऱ्यांच्या शेतात शेजारी-शेजारी दोन प्लॉट, एकावर फवारणी, दुसऱ्यावर नाही. टॉनिकच्या प्लॉटला सरासरी एकरी ६ क्विंटल उतारा जास्त आला. खर्च म्हणाल तर एकरी दीड क्विंटल कांद्याच्या भावाइतका. पण पी-व्हॅल्यू ०.०९ आली (०.०५ च्या खाली असेल तरच फरक मानतात), इंटरव्हल, म्हणजे खऱ्या फरकाची अंदाजी कक्षा, उणे १ ते १३ क्विंटल. म्हणजे टेस्टच्या हिशेबाने टॉनिकचा उपयोग नाही. दोन शेतकऱ्यांनी पाणी वेळेवर दिलं नव्हतं. ते काढले तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते. सांगून पाहिलं, ती ऐकत नाही. सहा क्विंटल डोळ्यांना दिसत असताना जे शास्त्र नाही म्हणतं, ते शिकून काय करायचं? एम.एस्सी.ला घालू की पुण्यात सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा क्लास लावू?
– एक पालक, नाशिक जिल्हा

नमस्कार,

एम.एस्सी. की क्लास, याचं उत्तर पुढे देते. आधी ज्या तीन शब्दांनी मला अस्वस्थ केलं, त्याबद्दल. ‘ती ऐकत नाही.’ दुकान तुमचं, शेतकरी तुमच्या ओळखीचे, टॉनिक तुम्ही विकता, फीसुद्धा तुम्हीच भरता. इतकं असून त्या मुलीने आकड्यांना हात लावायला नकार दिला. घरात वडिलांना नाही म्हणणं किती जड जातं, हे समुपदेशनाला येणाऱ्या मुलींकडून मी रोज ऐकते. मी तिची गाईड असते तर सगळ्यात जास्त गुण याच गोष्टीला दिले असते, आणि तुम्ही त्याला हट्ट म्हणताय.

स्पष्टच लिहिते. निकाल बघून झाल्यावर गैरसोयीचे दोन शेतकरी काढले, की उरतो तो बनवलेला निकाल. त्यावर नाव मुलीचं असणार, तुमचं नाही. पाण्याचं कारण तर इथे लागूच होत नाही. दोन्ही प्लॉट एकाच शेतात शेजारी-शेजारी ठेवण्यामागे तिचा विचार हाच होता, की पाणी, जमीन, निगा दोन्हींना सारखीच मिळावी. पाण्याची पाळी चुकली असेल तर दोन्ही प्लॉटची चुकली, एकट्या टॉनिकच्या वाफ्यांची नाही. शिवाय बाकीच्या अठरा जणांनी पाणी वेळेवर दिलं का, हे तुम्ही कोणाला विचारलंत? ज्यांच्याकडे टॉनिकचा प्लॉट पुढे गेला, त्यांच्या पाण्याची चौकशी झालीच नसणार, कारण तो आकडा तुम्हाला हवाच होता. वगळायचंच असेल तर नियम लागवडीआधी लिहून ठेवायचा असतो: पाण्याच्या अमुक पाळ्या चुकल्या तर तो शेतकरी बाद, मग निकाल कसाही येवो. कांदा काट्यावर चढल्यानंतर सुचलेल्या नियमाला काही अर्थ नाही.

पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडलेल्या प्लॉटचं पीक कापून केलेली मोजणी, तुमच्या गावात झालेच असतील. पीक विम्याची भरपाई त्यातल्या उताऱ्यावर ठरते, आणि प्लॉट रँडम पद्धतीने निवडायचे असतात, कोणाच्या मर्जीने नाही. उद्या कापणीला आलेला कर्मचारी म्हणाला, ‘या दोन प्लॉटना पाणी कमी पडलेलं दिसतंय, हे सोडून बाकीच्यांची सरासरी लावतो,’ तर सरासरी वर जाईल आणि गावाची भरपाई बुडेल. तुम्ही त्याला गावाबाहेर जाऊ देणार नाही. मुलीला तुम्ही नेमकं तेच करायला सांगताय.

रँडम निवडीची ही पीक कापणी देशात रुजवणाऱ्यांत एक मोठं नाव संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनमध्ये ते संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांच्या हाताखाली शिकले, आणि त्याच नेमन यांनी १९३७ साली कॉन्फिडन्स इंटरव्हलची, म्हणजे तुमच्या पत्रातल्या ‘इंटरव्हल’ची, रीतसर मांडणी केली. तुमच्या पत्रातली टेस्ट, म्हणजे सिग्निफिकन्स टेस्ट, घरोघरी पोहोचवणारे रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. ‘हे शिकून काय करायचं’ असं तुम्ही ज्या विषयाबद्दल विचारताय, त्याचा मोठा भाग शेताच्या बांधावरच तयार झाला आहे.

आता तुमचा गैरसमज. तो पदवीधरांमध्ये आणि डॉक्टरांमध्येही सर्रास आढळतो. ‘पी-व्हॅल्यू ०.०९, म्हणजे टॉनिकचा उपयोग नाही.’ टेस्ट असं म्हणतच नाही. ती एवढंच सांगते, की टॉनिकने काडीचाही फरक पडत नसता, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात नऊ होती. ०.०५ ची रेघ फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली. निसर्गात तिथे कुठलीही खूण नाही. खरी माहिती तुम्ही पत्रात नुसत्या उतरवून दिलेल्या इंटरव्हलमध्ये आहे: उणे १ ते १३. ही अशा रीतीने काढतात, की पुन्हा पुन्हा प्रयोग केले तर शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा खरा फरक तिच्या आत सापडावा. एकरी एक क्विंटल तोट्यापासून तेरा क्विंटल फायद्यापर्यंत काहीही या वीस शेतांच्या आकड्यांशी जुळतं. ‘उपयोग नाही’ म्हणायला ती कक्षा शून्याच्या आजूबाजूला चिकटून हवी होती. इथे कल फायद्याकडे आहे, पण खात्रीने बोलता येत नाही. याच गफलतीचं एक उदाहरण वैद्यकातलं आहे. काही वेदनाशामक गोळ्यांनी हृदयाचे ठोके अनियमित होतात का, यावर दोन अभ्यास झाले. एकात धोका २० टक्क्यांनी जास्त निघाला, कक्षा ९ ते ३३ टक्के. दुसऱ्यातही २० टक्केच निघाला, पण कक्षा रुंद, ३ टक्के कमी ते ४८ टक्के जास्त, पी-व्हॅल्यू ०.०९१. दुसऱ्या अभ्यासाने लिहून टाकलं की संबंध नाही आणि आमचा निष्कर्ष आधीच्यापेक्षा वेगळा आहे. आकडा तोच असताना! २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तीन संशोधकांनी ही चूक दाखवून दिली आणि आठशेहून जास्त जणांनी त्यावर सह्या केल्या.

तेव्हा तुमच्या मुलीचा प्रोजेक्ट फसलेला नाही. दुकानदार म्हणून तुम्हाला शून्याशी कर्तव्य नाही, दीड क्विंटलशी आहे, कारण खर्च तिथे निघतो. खरा फरक दीडच्या वर आहे की खाली, हे वीस शेतं सांगू शकत नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाला आज खरं सांगायचं तर ‘फायदा दिसतोय, पण खात्री नाही, आधी एका वाफ्यावर करून बघा’ एवढंच सांगता येईल.

एम.एस्सी.चे रस्ते माहितीतले आहेत: आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा, आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) प्रवेश परीक्षा, विद्यापीठांच्या सीईटी. आणि सरकारी नोकरीच हवी तर पदवीवरच देता येणारी यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा. सहा महिन्यांच्या क्लासला माझा विरोध नाही, पण तिथे सॉफ्टवेअर शिकवतात. आकडा कुठून आला आणि त्याला किती बोलू द्यायचं, हे तिथे कोणी शिकवत नाही. तुमच्या मुलीला ते आत्ताच कळतंय, तिला एम.एस्सी.पासून अडवू नका.

मदत करायचीच असेल तर एक काम फक्त तुम्हाला जमण्यासारखं आहे. इंटरव्हलची रुंदी निम्मी करायची तर शेतकरी चौपट लागतात, वीसचे ऐंशी. कॉलेजच्या मुलीला ऐंशी शेतकरी कुठून मिळणार? तुमच्या उधारीच्या वहीत ते असतील. पुढच्या उन्हाळ कांद्याला त्यांच्याशी बोला. कोणत्या प्लॉटवर फवारणी हे चिठ्ठी टाकून ठरू द्या, वगळण्याचा नियम तिला आधीच लिहून गाईडकडे देऊ द्या, आणि काढणीच्या दिवशी काट्याजवळ तुम्ही थांबू नका.

आताचा प्रोजेक्ट मात्र वीसच्या वीस शेतकऱ्यांसह जमा होऊ द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. एम.एस्सी. तिला स्वतःला करायची आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.