कपाळ, गाल, हनुवटी: मुरुमांच्या जागेवरून आतला आजार कळतो का?

जागेवरून थेट अवयव ओळखता येत नाही. कपाळ म्हणजे हृदय, नाक म्हणजे प्लीहा, डावा गाल यकृत, उजवा फुप्फुस, हनुवटी मूत्रपिंड हा नकाशा चिनी वैद्यकातला आहे. लोक तो आयुर्वेदाच्या नावावर खपवतात, याचं मला वाईट वाटतं. सुश्रुतसंहितेत मुरुमांना ‘मुखदूषिका’ म्हटलंय: तरुणांच्या चेहऱ्यावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुळ्या, कारण कफ, वात आणि रक्त. म्हणजे वैद्य जागेपेक्षा दोष, पचन, झोप पाहतो. लेपासाठी लोध्र, धने, वेखंड सांगितलंय.

आमच्या कोल्हापुरात मुरूम दिसला की घरचे आधी मिसळीच्या कटावर आणि तांबड्या रश्श्यावर बोट ठेवतात. तिखटानं मुरुमं येतात असं आधुनिक वैद्यक मानत नाही. गोड आणि मैद्याचा संबंध मात्र काही अभ्यासांत दिसलाय.

एक खूण खरंच गंभीरपणे घ्या. मुलीच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेला मुरुमं हटत नसतील, पाळी अनियमित असेल, ओठांवर केस वाढत असतील तर पीसीओएसची (हार्मोन्स बिघडल्यानं होणाऱ्या, अंडाशयाशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्या. आणि कुणी दिलेली स्टेरॉइडची गोरेपणाची क्रीम लावू नका, मुरुमं आणखी चिघळतात.