पाळकाचा त्याग आणि पाळकाचे घर

प्रश्न : माझे पती एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक आहेत. रात्री-अपरात्री कोणीही बोलावले तरी ते निघतात. गेल्या महिन्यात मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यांनी एका आजारी सभासदाला देऊन टाकले. मी काही बोलले, की ‘उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो’ हे वचन ते ऐकवतात. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही, ताई. हे वचन ज्यात आहे त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःच्या प्राणाविषयी बोलतो आणि तो आपण होऊन देतो, असेही तेथेच सांगतो. मुलीला न विचारता तिच्या फीचे पैसे दुसऱ्याला दिले गेले, तेव्हा त्याग मुलीला करावा लागला आणि वाहवा वडिलांची झाली. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करणार, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विचारले आहे. हा प्रश्नही त्या वचनाइतकाच पवित्र शास्त्रातला आहे.

त्यागाचा विषय निघाला की फादर डेमियन यांचे नाव हमखास घेतले जाते. हा बेल्जियन धर्मगुरू १८७३ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, हवाईतील मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेला, त्यांच्यासाठी घरे बांधली, शवपेट्या तयार केल्या, कबरी खणल्या आणि त्याच रोगाने १८८९ मध्ये मरण पावला. मात्र आपण एकट्यानेच हे करावे, असे त्याला कधी वाटले नाही. दुसरा धर्मगुरू पाठवा, सेवेसाठी धर्मभगिनी पाठवा, अशी विनवणी तो वरिष्ठांकडे वारंवार करीत राहिला. एकदा वरिष्ठांना जहाजातून उतरू दिले नाही, तेव्हा त्याने होडीतूनच, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्यापुढे पापनिवेदन केले, म्हणजे आपली पापे कबूल केली. शिवाय तो ब्रह्मचारी होता. त्याचे माप संसारी पाळकाला जसेच्या तसे लावणे मला पटत नाही.

आपल्या पतींसोबत बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचावा, असे मी सुचवेन. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेम. प्रवचनात सहसा न येणारी एक गोष्ट अशी, की हा सासरा मोशेची माघारी पाठवलेली बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना बरोबर घेऊन आला होता. मोशेने त्याचे ऐकले. आपल्यावाचून कोणाचे अडत नाही हे मान्य करणे पुढाऱ्याला पैसे देण्यापेक्षाही जड जाते, आणि माझ्या मते पाळकाचा खरा त्याग तेथेच सुरू होतो.

व्यवहारात एवढे करता येईल. आजाऱ्यांसाठी मंडळीचा वेगळा मदतनिधी असावा आणि तो पाळकाच्या खिशात नव्हे, तर खजिनदार व आणखी दोघांच्या सहीने चालावा. रात्रीच्या भेटींसाठी मंडळीतील वडीलधाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात, आणि अगदी अंत्यसमय असेल तरच पाळकांना उठवावे. हे पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, पतींनी स्वतः मांडले तर उत्तम. त्यांना संकोच वाटत असेल तर एखाद्या ज्येष्ठ सभासदाने मांडावे. आपल्यावर ते ओझे नको. पाळकाचा पगार वेळेवर होतो की नाही, हेही कमिटीने त्याच बैठकीत पाहावे, कारण सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, असे पौलाने करिंथकरांना बजावले आहे. फीची मुदत जवळ आली असेल, तर मात्र बैठकीची वाट न पाहता शाळेकडे हप्त्यांची सवलत मागावी.