पाढे पाठ असूनही मुलांचे एक-दोन विभाजक सुटतातच. विभाजक शोधायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे, दहापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते, तरी ३६ चे विभाजक लिहायला सांगितले की १२ नाहीतर १८ सुटतोच. मी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. हे दुखणं घरोघरचं आहे, आणि त्यात मुलीचा निष्काळजीपणा कमी, पाढ्यांचा हात जास्त.

एकदा तिला मोठ्यानं शोधायला सांगा आणि मध्ये न बोलता ऐका. बे दाहे वीस, पाढा संपला, ३६ आलेच नाहीत. तीन दाहे तीस, हाही संपला. मग चार नवे छत्तीस, सहा सक छत्तीस, नऊ चोक छत्तीस. ४, ६, ९ मिळाले. १ आणि ३६ तर बाईंनी सांगितलेलेच असतात, आणि २ ती सम संख्या म्हणून लिहून टाकते. ३, १२ आणि १८ मात्र तिला भेटलेच नाहीत, कारण तिचा पाढा दाहेवर थांबतो. बारा त्रिक छत्तीस ऐकायला बाराचा पाढा यावा लागतो.

म्हणून पाढे चाळायचे नाहीत, भागून बघायचं आणि जोडीनंच लिहायचं. वहीचं पान मधोमध दुमडा. ४८ घेऊ. डावीकडे १, उजवीकडे ४८. डावीकडे २, उजवीकडे २४. मग ३ आणि १६, ४ आणि १२. ५ नं भाग जात नाही, सोडा. ६ आणि ८. ७ जात नाही. आता ८ ची पाळी, पण तो उजवीकडे आधीच येऊन बसलाय. थांबा, झालं. डावा रकाना वरून खाली वाचला आणि उजवा खालून वर, की १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ४८ असे सगळे चढत्या क्रमानं मिळतात. नियम एकच आणि तो कडक पाळायचा: डावीकडचा आकडा लिहिला की त्याचा जोडीदार लिहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

‘पण ८ च्या पुढे का नाही बघायचं?’ हे तिनं विचारायलाच हवं. नाही विचारलं तर तुम्ही विचारा. डावा आकडा वाढत जातो तसा उजवा उतरत येतो. दोघं ओलांडून गेले की त्याच जोड्या उलट्या येणार, ८ आणि ६, १२ आणि ४. हे पटलं की मुलांची निम्मी धास्ती जाते, कारण ‘सगळे झाले का?’ हे आता त्यांचं त्यांना कळतं. ३६ मध्ये तर दोघं ६ वर भेटतात आणि ६ एकदाच लिहायचा असतो. म्हणून ३६ चे विभाजक नऊ, विषम. ५० पर्यंत आणखी कुठल्या संख्यांचं असं होतं ते तिलाच शोधू दे. उत्तर आधी फोडू नका, वर्गसंख्या तिच्या हाताला आपोआप लागतील.

आकडेमोडीचा कंटाळा आला तर चिंचोके घ्या. १२ चिंचोक्यांचे आयत मांडायचे: एका ओळीत बारा, दोन ओळींत सहा-सहा, तीन ओळींत चार-चार. १३ घेतले की काही केल्या एकच लांब ओळ होते. मूळ संख्येची व्याख्या त्यानंतर सांगितली तर ती घोकावी लागत नाही.

खरी परीक्षा ५१, ५७, ९१ या संख्यांची. दिसायला मूळ वाटतात, पण सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न आणि तेरा साती एक्क्याण्णव. पहिल्या दोन संख्या ३ च्या कसोटीत (अंकांच्या बेरजेला ३ नं भाग गेला की संख्येलाही जातो) लगेच सापडतात, पण कसोटी नुसती पाठ करून घेऊ नका. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपया तिघांत वाटायला द्या. प्रत्येक नोटेतले नऊ रुपये वाटले जातात, एक उरतो. पाच नोटांचे पाच आणि सुटा एक, सहा रुपये, तेही तिघांत वाटले जातात. अंकांची बेरीज का करायची ते समोर दिसतं. ९१ ला मात्र ७ नं भागूनच बघावं लागतं.

याच वळणावर मी मुलांना देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर सांगते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. ३६ ची बेरीज ९, ४८ ची १२, दोन्ही हर्षद. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी ६१७४ सुद्धा: बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे बरोबर ६१७४. मुलं मग बसच्या तिकिटावरचे आकडेही तपासत सुटतात.

आता तुमच्यासाठी, उत्तर तपासायला. ३६ म्हणजे २×२×३×३. दोन वेळा २, दोन वेळा ३. प्रत्येकात एक मिळवून गुणा: तीन त्रिक नऊ. ४८ मध्ये चार वेळा २ आणि एकदा ३, म्हणून पाच दुणे दहा. इतके विभाजक वहीत हवेत. हे तिला एवढ्यात शिकवू नका. मूळ अवयवांची शिडी लवकर शिकलेली मुलं ३६ चे विभाजक म्हणून २ आणि ३ लिहून मोकळी होतात. मसावि-लसावि येईल तेव्हा ती शिडी येईलच.