पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेत दुर्बीण कशासाठी घालतात?

सासूबाईंच्या संमतीपत्रात 'गरज पडल्यास पित्तनलिकेची दुर्बिणीने तपासणी' असं वाचून तुम्ही धसका घेतलाय, आणि आधीच ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतले खडे काढणं) का करत नाहीत असं विचारलंय. मी परळच्या एका रुग्णालयात ओटी सिस्टर आहे. ही ओळ आधीच लिहून घेणारे सर्जन मला बरे वाटतात. पेशंटला भूल दिल्यावर सहीसाठी नातेवाइकांना शोधत फिरावं लागत नाही.

पित्ताशयातला खडा कधी कधी घरंगळून मुख्य नलिकेत, म्हणजे सीबीडीत उतरतो. ऑपरेशन चालू असताना तिथे डाय (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य) सोडून सी-आर्म या एक्स-रे मशीनवर फोटो घेतात, पण त्यात दिसते ती सावली. हवेचा बुडबुडाही खड्यासारखाच दिसतो. दुर्बिणीने प्रत्यक्षच बघता येतं.

ही दुर्बीण लवचिक, साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाडीची. तिच्यातून सलाइन सोडत राहावं लागतं, तेव्हा कुठे स्क्रीनवर गुलाबी भिंत आणि तपकिरी खडा दिसतो. मग तारांची बास्केट बंद ठेवूनच खड्याच्या पलीकडे न्यायची, तिथे उघडायची आणि हळूहळू मागे ओढायची. सर्जन "उघडा… बंद…" सांगतात, तसा आमचा हात चालतो. जरा घाई झाली की खडा निसटून लिव्हरकडे पळतो, मग बसा शोधत! सगळे निघाल्यावरही एकदा वर-खाली फिरून नलिका मोकळी असल्याची खात्री करतात.

खडे लहान असतील तर पित्ताशयाच्याच नळीतून आत जाता येतं, मात्र त्या वाटेने वर लिव्हरकडे वळणं अवघड. मोठ्या खड्यांसाठी सीबीडीला छेद द्यावा लागतो, तोही ती फुगलेली असेल तरच. बारीक नलिका छेदली तर पुढे आकसू शकते.

आधी ईआरसीपी हाही योग्यच मार्ग, बऱ्याच ठिकाणी तोच घेतात. पण ते वेगळं प्रोसिजर झालं, आणि त्यानंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय, ते मोकळेपणी विचारा. छेद दिलाच तर टी-ट्यूब (पित्तनलिकेत ठेवून पोटाबाहेर काढलेली T आकाराची नळी) ठेवणार का, हेही विचारा. ती असली तर काही दिवस पित्त बाहेरच्या पिशवीत येतं. काढण्याआधी तिच्यातूनच पुन्हा डायचा फोटो घेतात, आणि चुकून खडा राहिलाच तर त्याच वाटेने काढता येतो.

ट्यूबसकट घरी सोडलं तर लोकलने नेऊ नका. गर्दीत पिशवी कुणाच्या बॅगेत अडकली की नळी हिसकली जाते. सरळ टॅक्सी करा.