एकांकिकेतला स्वयंघोषित हिरो विनोदी कसा करावा?

तुमच्या एकांकिकेत वेड्या शास्त्रज्ञांच्या मागे लागलेला स्वयंघोषित हिरो विनोदी करायचा असेल, तर त्याला मूर्ख करू नका. शूर आणि हुशारच ठेवा, फक्त समोर दिसेल त्याचा अर्थ त्याने दर वेळी उलटा लावावा. हे सूत्र जुनंच आहे. 1605 च्या 'डॉन किहोटे' या स्पॅनिश कादंबरीत नायक पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडतो आणि आपटतो, पण भ्रम काही सुटत नाही. एका जादूगाराने राक्षसांच्या पवनचक्क्या केल्या, असं तो उठून ठणकावतो. खरी गंमत या खुलाशात आहे, आपटण्यात नाही (आपले लेखक नेमके आपटण्यावरच थांबतात). समजा तुमचं कथानक नागपूरचं आहे, तर मे महिनाच घ्या. शास्त्रज्ञाने अख्खा महाल (नागपूरचा जुना भाग) गार करणारा राक्षसी कूलर बनवलाय. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी गळतंय. हिरोला ते विषारी रसायन वाटतं. "भिऊ नका बे, मी आलो ना!" म्हणत तो प्लग उपटतो. सगळे घामाघूम, आणि हा सांगतो, "पाहिलं? जाता जाता वाराच पळवला त्यानं!" खुलासा त्याने पूर्ण गंभीरपणे द्यावा, नटाने डोळा मारला की संपलं. मात्र शास्त्रज्ञ खरोखर घातकी दाखवणार असाल, तर निदान एकदा तरी या हिरोचं धाडस कामी यायला हवं, नाहीतर त्याच्या चुकांनी माणसं मरताना प्रेक्षक हसणार नाहीत.