लग्नघरातली छायाचित्रे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांना सुरुवात होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत छायाचित्रांविषयीचे प्रश्न वाढू लागतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाचे लग्न डिसेंबरमध्ये आहे. घरातल्या सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे फोटो शोभून दिसतील, असे धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे आहे. मला मात्र ठेवणीतल्या पैठण्या नेसायच्या आहेत. सर्वांनी सारखे दिसणे खरोखर आवश्यक आहे का? — एक वाचिका, नाशिक

आवश्यक नाही, आणि ठेवणीतल्या पैठण्या तुम्ही अवश्य नेसा. एकाच रंगाच्या कपड्यांतली पंचवीस माणसे दाटीने उभी राहिली की छायाचित्रात कापडाचा एक सलग पट्टा दिसतो. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, कोणते मूल कोणाला बिलगले आहे हे त्यात हरवून जाते, आणि वीस वर्षांनी अल्बम उघडणाऱ्या माणसाला पाहायचे असते ते नेमके हेच. सारखेपणाऐवजी मेळ साधला तरी पुरे. नवरीचा शालू आधी ठरू द्यावा, त्याचा काठ पाहावा आणि त्याच्याशी जुळणारे चार-पाच रंग घरात वाटून घ्यावेत. शालू डाळिंबी असेल, तर आमसुली, चिंतामणी, गर्द हिरवा आणि मोतिया हे रंग त्याच्या शेजारी शोभतात. पोपटी किंवा भडक राणी रंग मात्र नवरीच्या आधी नजर ओढून घेतो.

रंग जुळले तरी त्यांचा उजळपणा वेगळा तपासावा लागतो. सर्वांचे कपडे पलंगावर शेजारी शेजारी मांडून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. त्यात एखादा पांढराशुभ्र झब्बा किंवा टिकल्यांची ओढणी एकटीच उठून दिसली, तर समूहचित्रातही डोळा आधी तिथेच जाणार हे समजावे. शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया किंवा बदामी झब्बा निवडल्यास हा प्रश्न मिटतो. अगदी बारीक रेघांचे आणि बारीक चौकडीचे शर्टही टाळावेत, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्यांवर मुळात नसलेल्या लहरी उमटतात.

कपड्यांइतकाच विचार कार्यालयातल्या दिव्यांचा करायला हवा. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विनचे असते, तर कार्यालयांतले पिवळे दिवे ३००० केल्विनच्या आसपास असतात. अशा पिवळ्या प्रकाशात निळा अंश फार कमी असल्यामुळे दुकानात सुंदर दिसलेली जांभळी किंवा गर्द निळी साडी तिथे काळपट होऊन जाते. म्हणून कार्यालय पाहायला जाल तेव्हा दोन-तीन साड्या बरोबर घेऊन जा आणि मुहूर्त ज्या वेळेचा असेल त्याच वेळी तिथल्या उजेडात त्या चेहऱ्याजवळ धरून पाहा. मोकळ्या जागेत मांडव असेल, तर छताचे कापड पांढरे किंवा मोतिया घेण्याचा आग्रह धरावा. लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणारा उजेड खालच्या प्रत्येक चेहऱ्यावर तोच रंग चढवतो आणि तो नंतर संगणकावर पुरता काढता येत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी रंगमंचावरचे गुलाबी आणि निळे दिवे बंद ठेवून साधा पांढरा प्रकाश द्यावा, ही सूचना सजावटकारांना आगाऊ द्यायलाच हवी.

पैठणीच्या पदरावरचे मोर दिसावेत असे वाटत असेल, तर एका निवांत छायाचित्रासाठी पदर डाव्या हातावर मोकळा सोडा. विधींच्या वेळी मात्र तो चुण्या करून पिनेने नीट बसवावा, कारण वरमाई म्हणून तुम्हाला सूनमुख पाहण्यापासून विहिणींच्या भेटीपर्यंत सतत वाकावे, उठावे आणि कोणाला तरी जवळ घ्यावे लागणार आहे. दर वेळी पदर सावरणारा हात छायाचित्रात आला, की चेहऱ्यावरची काळजीही त्याच्यासोबत येते. मुलांच्या नव्या कपड्यांची गळपट्टी टोचते का, हे त्यांना घरी तासभर ते कपडे घालायला लावून आधीच पाहून ठेवावे.

प्रश्न : आमचे लग्न फेब्रुवारीत आहे. कॅमेरा समोर आला की मी ताठ होतो आणि हातांचे काय करावे ते कळत नाही. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी छायाचित्रकाराने जे नमुने पाठवले आहेत, त्यांत कपाळाला कपाळ लावून उभे राहणे वगैरे आहे. ते आम्हा दोघांनाही जमणार नाही. — एक वाचक, सातारा

जे जमणार नाही ते करू नका, आणि तसे त्यांना स्पष्ट सांगा. दोन लाजऱ्या माणसांना चित्रपटातल्या जोडप्यासारखे उभे केले, तर छायाचित्रात त्यांचे अवघडलेपणच उरते.

ताठ होण्याची सवय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, त्या काळी एका चित्रासाठी माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे; हालचाल झाली की चेहरा पुसट होई. ती गरज संपली, तरी कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून उभे राहण्याची रीत घराघरांत टिकली. आजचा कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात चित्र टिपतो, तेव्हा तुम्ही बोलत, चालत, हसत राहिलात तरी काही बिघडत नाही. उलट ‘हसा’ असे सांगून आणलेले हसू ओठांवरच थांबते. द्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्येच मांडले होते, की खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो सहसा इच्छेने हलवता येत नाही. म्हणून चांगला छायाचित्रकार हसण्याची मागणी करत नाही. हसू येईल असे काहीतरी तो घडवून आणतो.

ही सोय आपल्याकडे मुबलक आहे. दोघांनी एकमेकांना आळीपाळीने उखाणा घालून नाव घ्यायला लावा, तोही आधी न सांगता. अडखळलेला उखाणा आणि त्यानंतरचे दोघांचे हसणे यांतून जे चित्र मिळते, ते ठरवून उभे राहून मिळत नाही. हातांना काम द्या. फेटा नीट बसवणे, उपरणे सावरणे, तिच्या बांगडीत अडकलेला धागा सोडवणे, चहाचा कप धरणे, यांपैकी काहीही चालेल. उभे राहताना शरीराचा भार एका पायावर टाका, खांदे कॅमेऱ्याकडे थोडे तिरके ठेवा आणि चित्र घेण्यापूर्वी श्वास पूर्ण सोडा. वर चढलेले खांदे आपोआप खाली येतात. पहिली दहा-पंधरा मिनिटे वाया जाणार हे गृहीत धरावे आणि त्याची चिंता करू नये.

जागेविषयी एक सूचना करावीशी वाटते. कास पठारावरच्या फुलांचा बहर पावसाळ्याच्या अखेरीस असतो. फेब्रुवारीत तिथे सुके गवत मिळेल. त्यापेक्षा कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरच्या माहुलीच्या घाटावर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात जा. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर वेगवेगळ्या उंचीवर बसता येते, तिरपा कोवळा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि डोळ्यांखाली सावल्या येत नाहीत. सुती साडी आणि साधा झब्बा तिथे चांगला दिसेल. हिऱ्यामोत्यांचे जड दागिने लग्नाच्या दिवसासाठी ठेवा.

लग्नाच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगायला हवे. सप्तपदीच्या मध्येच थांबवून ‘पुन्हा एकदा, इकडे बघून’ असे सांगण्याचा प्रकार आता सर्रास होतो आणि तो मला मुळीच मान्य नाही. तो विधी छायाचित्रासाठी चाललेला नसतो. कोणताही विधी थांबवला किंवा पुन्हा करवला जाणार नाही, ही अट ठरावाच्या वेळीच लिहून घ्या. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. त्या वेळी पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवावेत, अशी विनंती तुमच्या मामांनी किंवा गुरुजींनी मंगलाष्टकांपूर्वी केली, तर ती नक्की पाळली जाते.

प्रश्न : माझ्या चष्म्याच्या काचांवर प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका येतो. चष्मा काढून फोटो काढावा का? — एक वाचिका, सोलापूर

चष्मा काढू नका. नेहमी चष्म्यात पाहिलेला चेहरा त्याशिवाय ओळखीचा वाटत नाही. परावर्तनरोधक थर दिलेल्या काचा घ्या, हनुवटी किंचित खाली ठेवा आणि चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या उचलून घ्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याकडे परतत नाही. उन्हात गडद होणाऱ्या काचा असतील, तर सावलीत येऊन काही मिनिटे थांबल्याशिवाय छायाचित्र काढू देऊ नका.

प्रश्न : सुनेची पहिली संक्रांत आहे. मोठ्या सुनेच्या वेळी काळी साडी फोटोत नुसता काळा गोळा दिसली आणि हलव्याचे दागिने पांढरेफटक आले. या वेळी घरीच मोबाइलवर फोटो काढणार आहोत. — एक वाचिका, कोल्हापूर

काळे वस्त्र आणि पांढरा हलवा यांचे छायाचित्र अनुभवी माणसालाही कठीण जाते. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप समोरचे सर्व दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालते. समोर पुष्कळ काळे आले की ते चित्र उजळ करत जाते आणि त्या भरात हलव्याचा काटा, म्हणजे ज्यासाठी एवढी मेहनत घेतली तोच, पुसला जातो. उपाय सोपा आहे. पडद्यावर हलव्याच्या हारावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढून हलव्याचे दाणे सुटे दिसेपर्यंत चित्र थोडे काळोखे करा.

साडी निवडताना निस्तेज काळी सुती किंवा मखमली टाळून चमक असलेली रेशमी आणि जरीच्या काठाची घ्या, म्हणजे निऱ्यांच्या कडांवर उजेड उमटतो. काठ लाल किंवा हिरवा असल्यास अंगाची बाह्यरेषा उठून दिसते. सुनेला दुपारी खिडकीजवळ बसवा, उजेड समोरून न घेता बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. बाजूच्या उजेडात हलव्याच्या प्रत्येक दाण्याला स्वतःची सावली मिळते. मागे गडद कपाट असू नये. फिकट भिंत असावी आणि ती चार-पाच फूट दूर असावी. मग तिला नुसते बसवून ठेवू नका. तिने घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करून तिळगूळ द्यावा, आणि तेव्हा छायाचित्रे काढावीत. वाकताना मुकुट घसरणार नाही इतका घट्ट बांधलेला असावा.

प्रश्न : आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. चाळीस माणसांचा एकत्र फोटो हवा आहे. आजोबा फार वेळ बसू शकत नाहीत. — एक वाचक, रत्नागिरी

मग समूहचित्र जेवणानंतरसाठी ठेवू नका. सर्व तयारी पूर्ण करून, आजोबांना सर्वांत शेवटी आणून बसवा. त्यांच्यासाठी हातांची, सरळ पाठीची खुर्ची घ्या, कारण सोफ्यात माणूस खचतो आणि लहान दिसतो. काठी, कानातले यंत्र, शाल, जे रोज त्यांच्याजवळ असते ते असू द्या. आजीची खुर्ची त्यांच्या खुर्चीला टेकलेली असावी. लहान मुलांना पुढे सतरंजीवर बसवा आणि मागच्या रांगांना किंचित अर्धवर्तुळात उभे करा. मोबाइलची मुख्य भिंग विशालकोनी असते. तिने जवळून घेतलेल्या चित्रात टोकाची माणसे रुंद होतात, म्हणून अंगणात मागे सरून, झूमने दुप्पट मोठे करून चित्र घ्यावे. चाळिसांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच, तेव्हा लागोपाठ आठ-दहा चित्रे घ्या. यात पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ जाऊ नये.

औक्षणाच्या वेळी दिव्यांचाच उजेड राहू द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. तिथे आजोबांना कोणी ‘इकडे बघा’ म्हणू नये. त्यांना औक्षण करणाऱ्या मुलीकडे, सुनेकडे पाहू द्यावे. छापलेल्या समूहचित्राच्या मागे रांगेनुसार सर्वांची नावे, नाती आणि तारीख त्याच आठवड्यात, आजी-आजोबांना विचारून लिहून काढा. लेकी-सुनांची माहेर-सासरची दोन्ही आडनावे आणि पाहुण्यांची गावेही त्यात असू द्या.